एक वाजून वीस मिनिटांवरचं घड्याळ

मी गडमुडशिंगीच्या चमन शिकलगारांच्या भिंतीवरचं घड्याळ बोलतोय. माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी जन्मभर वीस मिनिटं पुढं होतो.

हे चमनभाईंचंच काम. विळ्या-कात्र्यांना धार लावायला ते हातकणंगल्याच्या बाजाराला जायचे. एकदा एसटी चुकली आणि घरी येऊन त्यांनी माझे काटे पुढं सारले. मला मात्र त्याचा तोरा होता. मागं पडणारी घड्याळं मला आवडत नसत.

त्यांची एकुलती लेक शाहिस्ता. नर्स झाली, नागपूरला नोकरी लागली. चमनभाई जेवेनात. "लई लांब हाय ते," एवढंच म्हणत. विमानतळ जवळच, आमच्या छपरावरून विमानं उतरतात. तिनं वर बोट दाखवलं. "अब्बा, सातशे किलोमीटर असलं तरी विमानानं दीड तास. हाक मारा, दीड तासात येते." त्या शब्दावर त्यांनी तिला सोडलं.

या पावसाळ्यात, आता उपाय नाही म्हणून दवाखान्यानं त्यांना घरी पाठवलं. हाक गेली. "निघाले, अब्बा," असा तिचा फोन आला तेव्हा माझ्यात बारा वाजले होते. चमनभाईंनी बोटांवर मोजलं. "दीडला दारात."

या घरात विमानात कोण बसलंय? विमानतळावर आधी जाऊन बसावं लागतं, हे कुणाच्या ध्यानातच नाही. एकच्या सुमारास शाहिस्तानं फोनवर आईला, सुगराबींना, हळूच सांगितलं, "अम्मी, विमान तीनला सुटणार."

सुगराबी चुलीपाशी जाऊन रडल्या. मग डोळे पुसून आल्या. चमनभाईंचा डोळा लागला होता. सुगराबींनी बाहेरचा उजेड कळू नये म्हणून खिडकीवर चादर टाकली, स्टुलावर चढल्या आणि मला मागं फिरवलं. मला! असा संताप आला म्हणून सांगू. पण त्यांचे डोळे अजून लाल होते. मी काटे फिरू दिले.

चमनभाई जागे झाले की विचारत, "दीड वाजला?"

"न्हाय की अजून."

ते झोपले की सुगराबी पुन्हा स्टुलावर. असं चारदा झालं.

पाचव्यांदा ते जागे झाले तेव्हा माझ्यात एक वीस होते. तेवढ्यात छपरावरून विमान गेलं. पत्रे थरथरले.

"आली बघा शाहिस्ता!" सुगराबी ओरडल्या.

चमनभाईंनी माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. जन्मभर धार तपासलेली नजर ती, फसली की नाही, देव जाणे. "वेळंत आली की गं पोरगी," म्हणाले आणि डोळे मिटले.

शाहिस्ता दारात आली ती अर्ध्या तासानं. त्याआधीच, एक विसावरच, सुगराबींनी माझा सेल काढला होता.

"अम्मी, किती वाजता गेले?" ती हुंदके देत विचारत होती.

सुगराबींनी माझ्याकडं बोट केलं. "दीड वाजायचा हुता, बाळ. तू वेळंतच हुतीस."

परवा शेजारचे हंबीरराव आले. "वैनी, घड्याळ बंद पडलंय. सेल आणू व्हय?"

"नगं, भाऊ. राहू दे."

तुम्हीही कधी या घरी आलात तर माझी दया येऊ देऊ नका. सेल आणू नका. मी इथं थांबलोय, तोवर शाहिस्ताचा शब्द खरा आहे.