पाण्याच्या खळग्यातला माणूस

कोड माझा बरोबर होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर लोक नेमकं तेवढंच विसरतात.

चौदा वर्षं मी प्रयोगशाळेत नमुने भरायचं काम केलं. रक्तातून डीएनए काढायचा, थेंब थेंब मोजून प्लेटमध्ये टाकायचा आणि प्लेट पुढे पाठवायची. प्लेट म्हणजे पंजाएवढा प्लास्टिकचा ट्रे. आठ ओळी, दर ओळीत बारा खळगे, एकूण शहाण्णव. वरच्या मजल्यावर संगणकवाले बसायचे. त्या थेंबांतून मशीनने वाचलेली कोट्यवधी अक्षरं ते तपासायचे आणि कुठल्या पेशंटला कुठलं औषध किती द्यावं ते सांगायचे. एकदा मी वर जाऊन विचारलं, "तुम्ही नेमकं करता काय?" तर एकजण म्हणाला, "ताई, ते जरा टेक्निकल आहे." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. बारा वर्षं टेक्निशियन असलेल्या बाईला हा सांगतोय, टेक्निकल आहे!

त्याच आठवड्यात मी बायोइन्फर्मॅटिक्सच्या कोर्सला पैसे भरले. वय अडतीस. आई घरी शिवणकाम करते, तिच्या कापायच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात मी सकाळी लॅपटॉप मांडायचे. पहिला महिना एका स्वल्पविरामापायी गेला. काळ्या पडद्यावर मी आज्ञा लिहायचे आणि तो दर वेळी म्हणायचा, असली आज्ञा नाही. मी त्याच्याशी भांडायचे. आई म्हणायची, "अगं, त्याला कान नाहीत. तू हळू लिही." मग हळूहळू जमायला लागलं. फाइल उघडणं, अक्षरं मोजणं, खराब वाचलेला भाग गाळणं, उरलेला माणसाच्या मूळ नकाशावर बसवणं. थोडं संख्याशास्त्र, थोडा जुना जीवशास्त्राचा अभ्यास. जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, मिळेल तिथे मी शिकले. नाकी नऊ आले, पण गोडी लागली.

दीड वर्षाने वर एक जागा निघाली आणि ती मला मिळाली. सहा महिने उमेदवारी, नंतर कायम किंवा घरी. खालच्या माझ्या जागेवर नवी मुलगी आली होती, म्हणजे परतीचे दोर कापलेलेच.

माझ्या शेजारी जो बसतो त्याला मी मनातल्या मनात प्रोफेसर म्हणते. वय सत्तावीस, डोकं तल्लख, आणि कुठलीही गोष्ट तीनदा समजावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मुलगा वाईट नाही. पण माझ्या पडद्याकडे बघताना तो कायम थोडा वाकून बघतो, डॉक्टर जीभ बघतात तसं.

सहावा महिना संपायला दोन आठवडे होते तेव्हा ती प्लेट आली. हृदयरोगाचे पंच्याण्णव पेशंट, रक्त पातळ करायचं औषध कोणाला किती मानवेल ते ठरवायचं होतं. शेवटच्या, शहाण्णवाव्या खळग्यात मुद्दाम नुसतं पाणी घालतात. त्यात काही सापडलं, तर कुठेतरी सरमिसळ झाली असं समजायचं. मशीनचं काम झालं होतं. आलेला डेटा चालवायचा, नमुन्यांना नावं जोडायची आणि शुक्रवारी अहवाल द्यायचा, हे काम माझं.

बुधवारी दुपारी निकाल आला. पहिला खळगा कोरा. तिथे एक धडधाकट गृहस्थ असायला हवे होते. आणि पाण्याच्या खळग्यात अख्खा माणूस, तोही पुरुष. मी गुणसूत्रं तपासली. पुरुष असेल तर वाय गुणसूत्र दिसणार, बाई असेल तर नाही, हे तर शाळेतलं. चव्वेचाळीस जणांचं जुळेना. निम्मे काका मावश्या झाले होते आणि निम्म्या मावश्या काका.

प्रोफेसर वाकला. "ताई, तुमच्या कोडने यादी उलटी वाचलीय. शेवटाकडून सुरुवातीकडे. नवशिक्यांचं होतं असं." त्याने एक ओळ लिहून यादी फिरवली. पंच्याण्णवच्या पंच्याण्णव जुळले, पाण्यात पाणी राहिलं. "झालं काम. मॅडमना सांगायचीही गरज नाही."

नवशिक्या! मी तोच कोड आधीच्या तीन प्लेटांवर चालवला. तिन्ही वेळा यादी सुलटी, सगळी माणसं आपापल्या जागी. मग या एकाच प्लेटला माझा कोड उलटा कसा चालेल?

मी टेबलावरची रिकामी प्लेट उचलली आणि हातात अर्धी फिरवली. पहिला खळगा शेवटच्या जागी गेला, दुसरा शेवटून दुसऱ्या. यादी उलटी वाचली तर जे होईल, हुबेहूब तेच. म्हणजे कोड नाही, प्लेटच उलटी ठेवून भरली होती. खालच्या मजल्यावरच्या कुठल्यातरी गाढवाने हे केलं होतं. त्या गाढवाला चांगलं खडसवायचं, या तयारीनेच मी जिना उतरले.

नोंदवहीत प्लेटचा नंबर सापडला. तारीख सात महिन्यांपूर्वीची, माझ्या मुलाखतीच्या आदल्या दिवसाची. खाली सही माझी.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो दिवस मला चांगला आठवतो. हात थेंब टाकत होते आणि तोंड मुलाखतीची उत्तरं पाठ करत होतं. त्या खेपेच्या प्लेटा नव्या कंपनीच्या होत्या, त्यांना खुणेचा कापलेला कोपरा नव्हता. पण ही सबब झाली. प्लेटची सुरुवात कुठे ते बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते बघायचं माझं काम होतं. वर जायची इतकी घाई झाली होती, की हातातल्या कामाकडे माझं लक्षच नव्हतं. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

गप्प बसणं सोपं होतं. प्रोफेसरची एक ओळ ठेवली, की शुक्रवारचा अहवाल बरोबर. पण उरलेला डीएनए त्याच प्लेटमध्ये, फ्रीजरमध्ये होता, आणि पुढच्या महिन्यात त्यावरच दुसरी तपासणी होती, दुसऱ्याच लोकांकडून. तिथे यादी कोण फिरवणार? एकाचा डोस दुसऱ्याला गेला असता. आणि सांगितलं, तर कायम व्हायच्या तोंडावर हात दाखवून अवलक्षण.

सकाळी आईला सांगितलं. ती ब्लाउजची बाही लावत होती, मान वर न करता म्हणाली, "माझ्याकडून एकदा पाठपोट उलटं कापलं गेलं होतं. गिऱ्हाइकाला मीच आधी सांगितलं. अर्धा तास ओरडली बाई. अजून माझ्याकडेच येते."

"आणि नाही आली असती तर?"

"तर दुसरी आली असती. चहा गार होतोय."

गुरुवारी मी खाली जाऊन फ्रीजरमधून ती प्लेट काढली. नव्या मुलीला शेजारी उभं केलं, साक्षीदार हवा म्हणून. पहिल्या खळग्यातला एक थेंब मोजणीच्या यंत्रावर ठेवला. ते काम माझ्या हातांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आकडा आला शून्य, म्हणजे नुसतं पाणी. शेवटच्या खळग्यातला थेंब ठेवला, तिथे भरपूर डीएनए. मी दोन्ही आकडे छापून घेतले आणि मॅडमच्या खोलीत गेले.

मॅडम आमच्या विभागप्रमुख, कमी बोलणाऱ्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि प्रोफेसरला बोलावलं. तो म्हणाला, "पण मॅडम, कोडमध्ये सरळ फिरवता येतं की."

"कोडला हात लावायचा नाही," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच. "कोड बरोबर आहे. चुकली ती प्लेट, आणि ती मी भरली."

मॅडमनी खणातून चूक नोंदवायचा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. त्यात दोन रकाने असतात. चूक कोणाकडून झाली, तिथे मी माझं नाव लिहिलं. चूक कोणी शोधली, तिथेही तेच लिहिलं. प्रोफेसर पहिल्यांदाच न वाकता, सरळ उभा राहून बघत होता.

मॅडमनी कागद वाचला. "हा तुमच्या फाइलला लागणार," त्या म्हणाल्या. "कायम केल्याच्या पत्राबरोबर."

मला वाटलं, सुटले. मी उठायला लागले.

"बसा. तुम्ही खाली चौदा वर्षं होतात. त्यातल्या किती प्लेटांचा डेटा आपल्याकडे आहे?"

मी मोजूनच आले होते. चोराच्या मनात चांदणं. "तीनशे बारा."

"उलटी प्लेट ओळखणारा कोड लिहा आणि सगळ्यांवर चालवा. आधी तुमच्या प्लेटांवर, मग इतरांच्या."

प्रोफेसर हळूच म्हणाला, "ताई, मी मदत करू?" मी म्हटलं, "माझा कोड तपास. आणि वाकायचं नाही, खुर्ची घे."

कोड दुपारपर्यंत झाला, बावीस ओळींचा. त्याने बारकाईने तपासला आणि म्हणाला, एकही चूक नाही. ते मला माहीतच होतं. कोडची मला काळजी नव्हती.

पहिली प्लेट चौदा वर्षांपूर्वीची नव्हे, मागच्या वर्षीची घेतली, कारण तिच्यातल्या माणसांची औषधं अजून चालू असणार. एका प्लेटचं उत्तर यायला चार मिनिटं लागतात. मी आज्ञा दिली आणि पडद्यासमोरून उठले नाही.