चढावरचा हीटर

कैद्यांना गाडीत चढवतानाच जमादारानं काठी चालवली. आठ जण दोन-दोनच्या बेड्यांत होते आणि नववा, सत्तरीचा म्हातारा, एकटा. म्हाताऱ्याचा पाय पायरीवर ठरेना, म्हणून मागच्यानं त्याला आधार द्यायला मोकळा हात पुढे केला, तर काठी थेट मनगटावर बसली.

"रांग सोडायची नाही!" जमादार ओरडला.

ज्याला काठी बसली त्याला तुरुंगात सगळे रेडिएटरवाला म्हणत. बाहेर असताना फुटके रेडिएटर डागून द्यायचं त्याचं दुकान होतं. भागीदाराला हातोडीनं मारून तो आत आला होता. त्यानं खांदा लावून म्हाताऱ्याला वर ढकललं आणि मागोमाग स्वतः चढला.

ड्रायव्हर हे सगळं बाजूच्या आरशात बघत होता. तीस वर्षांच्या नोकरीत त्यानं अशा काठ्या ढिगानं पाहिल्या होत्या आणि दर वेळी आरसा फिरवला होता. आताही फिरवला. आपलं काम गाडी चालवायचं, मागं काय चालतं त्याच्याशी आपलं देणंघेणं नाही, असं तो बायकोला सांगे. ती ताट वाढून आत निघून जाई.

नऊ जणांना चढापलीकडच्या तुरुंगात न्यायचं होतं. चार तासांची वाट, डोक्यावर दुपार. पुढे ड्रायव्हरशेजारी जमादार, त्यांच्या पाठीमागच्या बाकावर दोन शिपाई, एक जाड्या आणि एक चष्मेवाला, मग जाळी, आणि जाळीमागं पत्र्याचा पिंजरा. हवेला म्हणून वर बोटभर रुंदीच्या फटी. ही गाडी आधी कुठल्याशा थंड भागात चालायची, त्यामुळे पिंजऱ्यातल्या बाकाखाली एक हीटर होता. इंजिनातलं उकळतं पाणी गाडीच्या तळाखालच्या पाइपांतून त्याच्यात खेळायचं. इथं आल्यापासून तो कुणी लावलाच नव्हता.

चढ लागला तशी गाडी दुसऱ्या गिअरवर आली आणि टेम्परेचरचा काटा मधली रेघ ओलांडून वर सरकू लागला. रेडिएटर निम्मा चोंदला होता. तो खोलून साफ करा, असं वर्कशॉपात सांगून सांगून ड्रायव्हरची जीभ झिजली होती.

"साहेब, दहा मिनिटं थांबू या. गाडी तापतेय."

"कैदी घेऊन रस्त्यात थांबायचं नाही. मागच्या साली तिघं पळाले, माझी बढती गेली. मुकाट्यानं चालव."

"इंजिनाचं हेड गेलं तर इथंच बसावं लागेल, साहेब."

"मग कर ना काहीतरी. ड्रायव्हर तू आहेस की मी?"

उपाय ड्रायव्हरला ठाऊक होता. न सांगता आला असता, पण त्यानं सांगितला. "हीटर लावला तर इंजिनाची धग तिकडं जाते, काटा उतरतो. पण हीटर मागं आहे. पिंजऱ्यात."

जमादार खदाखदा हसला. "मग लाव की! खाऊ दे त्यांना हवा."

ड्रायव्हरचा हात खटक्यावर थोडा थबकला. मग त्यानं खटका ओढला.

काटा उतरला. चांगला दोन रेघा उतरला. आणि ड्रायव्हरला बरं वाटलं. हे त्यानं पुढे कधीच लपवलं नाही.

मागं आधी एक जण ओरडला, मग सगळेच. पत्र्यावर मुठी, लाथा, बेड्या आदळू लागल्या. "आग लागलीय! काका, गाडी थांबवा, आग लागलीय!" जाळीला धरलेल्या बोटांवर जाड्यानं दंडुका हाणला. बोटं गेली, दुसरी आली. त्यानं तीही ठेचली. आत फटींशी तोंड न्यायला मारामारी जुंपली. एका बेडीतले दोघं एकमेकांवरच तुटून पडले, कारण हवा दोघांनाही हवी होती आणि साखळी एकच होती. एकानं दुसऱ्याच्या कानाचा लचका तोडला. आतल्या आरशात ड्रायव्हरला रक्तानं माखलेली हनुवटी दिसली. या वेळी त्यानं आरसा फिरवला नाही.

"काका!" आवाज रेडिएटरवाल्याचा होता. "हीटर बंद करा! म्हातारा निळा पडलाय. आणि गोड वास येतोय, ऐकताय का? पाइप पाझरतोय. फुटेल तो!"

इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा तो गोडसर वास ड्रायव्हरच्याही नाकात शिरला होता. त्यानं खटक्याकडे हात नेला. जमादारानं त्याच्या बोटांच्या पेरांवर काठी हाणली.

"वर पोचल्यावर."

"साहेब, माणूस मरेल!"

"मरू दे. तू पुढं बघ."

पाइप पुढच्याच वळणावर फुटला. आधी फट् असा आवाज, मग पिंजऱ्यात पांढरी वाफ, आणि त्या वाफेतून जे ओरडणं आलं ते माणसांचं वाटत नव्हतं. हीटरजवळ बसलेल्याच्या चेहऱ्यावर आणि पोटऱ्यांवर उकळत्या पाण्याचा फवारा बसला होता. बेडीतला जोडीदार त्याला ओढत होता आणि ओढताना त्याच्या भाजलेल्या हाताची साल बेडीबरोबर निघून येत होती.

ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं आणि किल्ली मुठीत घट्ट धरली.

जमादारानं त्याची कॉलर धरली आणि काठीचं टोक तोंडात खुपसलं. पुढचा एक दात तुटला. "चालव!"

"पाणी राहिलं नाही साहेब," ड्रायव्हर रक्त थुंकत म्हणाला. "कशावर चालवू?"

जमादार उडी मारून खाली उतरला. "त्या रेडिएटरवाल्याला काढा! कारागीर आहे ना मोठा? बघतो त्याची कारागिरी."

चष्मेवाल्यानं पिंजरा उघडून रेडिएटरवाल्याची बेडी सोडवली. त्याला बाहेर घेताच जमादारानं दार पुन्हा लावायला सांगितलं. ड्रायव्हर बॉनेट उघडून उभा होता. आतून वाफ फुसफुसत होती.

"आधी त्यांना बाहेर घ्या," रेडिएटरवाला म्हणाला. "एक जण पार भाजलाय."

"आधी गाडी. झाकण उघड, पाणी ओत."

"आत्ता उघडलं तर सगळं तोंडावर येईल. अर्धा तास लागेल."

"अर्धा तास?" जमादारानं त्याची मान धरून त्याला वाकवलं, त्याचा उजवा हात ओढला आणि तळवा तापलेल्या रेडिएटरवर दाबून धरला. चर्र आवाज आला. रेडिएटरवाला ओरडत हात मागं ओढत होता, तरी जमादारानं तो सोडला नाही. "आता लागतोय का अर्धा तास? बोल!"

ड्रायव्हर केबिनकडे गेला. सीटखालून टॉमी काढली, चाकाचे नट खोलायची, हातभर लांब लोखंडी. परत आला आणि जमादाराच्या खांद्यावर ती पूर्ण ताकदीनं घातली. गळ्याजवळचं हाड मोडल्याचं त्याला हाताला कळलं. दुसरा घाव गुडघ्यावर. तिसरा कुठं बसला ते त्याला आठवत नाही. चौकशीत 'जबडा' असं लिहिलं होतं.

जाड्यानं बंदूक उचलली. नळी ड्रायव्हरकडे वळवली.

"कुणावर झाडतोस?" चष्मेवाला त्याच्यावर खेकसला. "आधी दार उघड, मेल्या!"

दार उघडलं. एकमेकांवर पडत, खोकत, ओकत ते बाहेर आले. एक जोडी पळाली, पण दहा पावलांवर त्यातल्या एकाला उलटी झाली म्हणून दुसऱ्यालाही खाली बसावं लागलं. परतही तेच आले, कुणी बोलवायच्या आत. म्हाताऱ्याला चष्मेवाल्यानं उचलून सावलीत ठेवलं. श्वास होता, पण नसल्यासारखा. जमादार धुळीत पडून रडत होता. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

रेडिएटरवाल्याच्या तळव्याची साल लोंबत होती. हाताला ओला रुमाल गुंडाळून तो बॉनेटपाशी बसला आणि सांगू लागला. ड्रायव्हरच्या हातांनी काम सुरू झालं.

"हे दोन पाइप मागं जातात ना? दोन्ही इथंच काढा. त्यातलाच एक आखूड तुकडा कापून घ्या, एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर वळवून बसवा. म्हणजे पाणी मागं जाणारच नाही, इथल्या इथं फिरेल. आता क्लिप आवळा. हळू, काका! पाइप आहे तो, जमादाराचा गळा नाही."

बेडीतला कुणीतरी हसला आणि हसता हसता हुंदके देऊ लागला.

पाऊण तास गेला. मग ड्रायव्हरनं झाकणावर जाड फडकं टाकून ते पहिल्या आट्यापर्यंतच फिरवलं आणि तोंड बाजूला केलं. उरलीसुरली वाफ निघून गेल्यावर इंजिन चालू करून प्यायचं पाणी बारीक धारेनं ओतलं. थंड पाणी एकदम ओतलं असतं तर हेड तडकलं असतं. भाजलेला माणूस ते पाणी इंजिनात जाताना बघत होता. ड्रायव्हरनं शेवटची बाटली त्याच्या पायांवर रिकामी केली.

पिंजऱ्याचं दार दोरीनं उघडं बांधून गाडी मागं वळवली आणि ती खालच्या गावातल्या इस्पितळाकडे निघाली. जमादारालाही कैद्यांच्यात, खालीच झोपवलं होतं. उतारावर काटा मधल्या रेघेखालीच राहिला. इस्पितळ दिसू लागलं तेव्हा चष्मेवाला मागून म्हणाला, "आता घाई करू नका." म्हातारा त्याच्या मांडीवर गेला होता.

भाजलेल्याचा एक डोळा गेला. रेडिएटरवाल्याची दोन बोटं कायमची आखडली. चौकशीत ड्रायव्हरला टॉमीची लांबी विचारली, घाव किती घातले ते विचारलं, जमादाराशी आधीचं काही वैर होतं का ते विचारलं. उन्हानं ड्रायव्हरचं डोकं फिरलं, असं जाड्यानं सांगितलं. चष्मेवाल्यानं घडलं तसं सांगितलं आणि त्याची लांब बदली झाली.

"हीटर मी लावला," ड्रायव्हर म्हणाला. "उपायही मीच सुचवला."

"ते विचारलेलं नाही," चौकशी करणारे साहेब म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

नोकरी गेली. आठ महिने तोही गजाआड राहिला. सुटून घरी आला तेव्हा बायको पहिल्यांदा त्याच्यासमोर ताट घेऊन बसली. त्यानं तिला सगळं सांगितलं, खटक्यासकट. तिनं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्यांचा माणूस गेला त्यांना सांगा."

म्हाताऱ्याची मुलगी दोन खोल्यांच्या घराच्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. ड्रायव्हरनं उभ्या उभ्याच सांगितलं. ती हातातली चादर पिळत ऐकत राहिली. तो थांबल्यावर तिनं बादली उचलली आणि त्याच्या तोंडावर भिरकावली. लोखंडी कडा कपाळाला लागून भुवईवर रक्त आलं. तो हलला नाही. तिनं पुढे होऊन त्याच्या छातीवर मुठी मारल्या, मारतच राहिली, हात थकेपर्यंत.

मग ती पायरीवर बसली. धापा टाकत तिनं विचारलं, "शेवटी बाबांजवळ कुणी होतं का?"

"होतं," ड्रायव्हर म्हणाला. "एका शिपायानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. दुसरा एक कैदी त्यांना वारा घालत होता. त्याचा एक हात भाजला होता, तो दुसऱ्या हातानं घालत होता."

"त्यांची नावं सांगा मला."

त्यानं सांगितली. तिनं ती दोनदा स्वतःशी म्हटली, पाठ होईपर्यंत.

"आता तुम्ही जा," ती म्हणाली. "पुन्हा येऊ नका."

तो गेला. फाटकाशी पोचल्यावर त्याला मागं चादर झटकल्याचा आवाज आला.