टबातलं माळरान

पेणकरांनी बाजूचं फाटक ढकललं आणि हातातली औषधांची पिशवी तिथेच खाली ठेवली. पॅटिओवर त्यांचं माळरान जळत होतं. गवत तडतडत होतं, तिन्ही पाइनच्या बुंध्यांशी ज्वाळा नाचत होत्या, आणि टबाशेजारी एका हातात बागेचा पाइप, दुसऱ्या हातात केराची सुपली घेऊन त्यांची बायको शुलामीथबाई शांतपणे उभी होती.

"शुला, हे काय केलंस?"

"हामेत्स जाळला," बाई म्हणाल्या. "उद्यावर टाकून कसं चालेल? आज संध्याकाळपासून सण."

ज्यूंच्या पेसाह सणाच्या आधी घरातला पाव, खारी, बिस्किटांचा चुरा, खमिराचं म्हणून जे जे असेल ते शोधून जाळून टाकायचं, हा रिवाज भायखळ्याच्या खोलीत होता तसाच लंडनमधल्या एजवेअरच्या घरातही चालू होता. बाई दर वर्षी ते सगळं एका पत्र्याच्या डब्यात जाळत.

"डबा कुठे गेला?"

"बूड गंजलं त्याचं. मला वाटलं, टबात नुसतं वाळलेलं गवत आहे. बाहेरच होता टब."

"तूच म्हणालीस, जरा ऊन दाखवा म्हणून!"

"आणि तुम्ही ग्रीनहाऊसमध्ये लपवलेली बिस्किटंही सापडली," बाई म्हणाल्या. "तीही जाळली."

पेणकरांना मधुमेह होता, बिस्किटांना बंदी होती. ते बागेतल्या खुर्चीत जाऊन बसले. आज वारा पडलेला होता आणि एवढ्या उन्हाच्या दिवशी शेजारच्या बाईंची कपड्यांची दोरी रिकामी होती, नाहीतर तिकडूनही बोलणी खावी लागली असती. गवताची राख झाल्यावर बाईंनी पाइपने उरलेली धग विझवली आणि त्या मात्साच्या बिनखमिरी पोळ्या आणि बटाटे बघायला आत गेल्या.

एलिजा पेणकरांची सारी नोकरी हीथ्रोवर विमानांत सामान चढवण्यात गेली. एकदा सुट्टीत ते मध्य अमेरिकेतल्या बेलीझला जाऊन आले. लोक तिथे समुद्र बघायला जातात. पेणकर मात्र वाटेत बस थांबली तेव्हा उतरले ते रेताड माळ बघतच राहिले. एकमेकांपासून लांब लांब उभे असलेले पाइन, मध्ये गुडघाभर गवत, कुठे खुरटे ताड, आणि पायाशी किडे खाणारी चिमुकली लाल रोपं. पाइन म्हणजे बर्फ, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. त्या पाइनखाली ते घामाने निथळत उभे होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपण चुकलो याचा त्यांना आनंद झाला होता. घरी परतल्यावर बाथरूममधून निघालेला लोखंडी टब त्यांनी चाकांच्या ट्रॉलीवर चढवला, ग्रीनहाऊसमध्ये नेला, रेतीने भरला आणि टपालाने त्या सगळ्याचं बियाणं मागवलं.

असं माळरान अधूनमधून जळावंच लागतं. जुनं गवत साचलं की खालचं सगळं गुदमरतं. आग येऊन गेली की गवत आणि झुडपं मुळांपासून पुन्हा फुटतात, आणि जाड सालीचा पाइन बहुधा तगतो. हे पेणकर गेले कित्येक वसंत नाश्त्याच्या टेबलावर बाईंना समजावत होते. ग्रीनहाऊसमधल्या कोटाच्या खिशात काडेपेटीही तयार होती. पण कधी वारा असे, कधी गवत दमट असे, कधी शेजारच्या बाईंच्या चादरी दोरीवर असत. खरं कारण एवढंच, की स्वतःच्या हाताने वाढवलेल्या झाडांना काडी लावायचा त्यांना धीर होत नव्हता. गवताचा गुंता झाला, पाइनचे शेंडे पिवळे पडले. आणखी एक वर्ष असंच गेलं तर सगळंच जाईल, हे त्यांना कळत होतं आणि त्याने त्यांची झोप उडाली होती. तरी काडेपेटी खिशातच होती.

आता निदान मनसोक्त रागावता येत होतं. संध्याकाळी रीडिंगहून मुलगी आली, नताली.

"डॅडी, प्लीज. मम्मीने ऑन पर्पज नाही केला," ती म्हणाली.

"चुकून भाजी जळते. जंगल जळत नाही."

"जंगल कुठलं?" बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तुम्हीच म्हणता माळरान आहे."

सणाच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाला, सेदरला, इजिप्तवरच्या दहा पीडा म्हणताना दर पीडेला द्राक्षरसाचा एकेक थेंब बशीत सांडायचा असतो. पेणकरांनी त्या दिवशी बायकोकडे बघत अकरावा सांडला.

पुढचे दिवस त्यांनी फोनवर घालवले. हाउन्सलोच्या नोकरीतल्या जुन्या सोबत्यांपासून मुंबईच्या मेहुण्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी ती आग ऐकवली, आणि दर फोनगणिक ज्वाळा थोड्या उंच होत गेल्या. शेवटी ते किडे खाणाऱ्या लाल रोपावर येत. "एवढंसं पोर ते," ते म्हणत, "त्याचं तर नामोनिशाण राहिलं नाही."

सण संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी राखेतून हिरवी पाती वर आलेली दिसली. झुडपाच्या मुळाशी तांबूस फुटवा होता. एक पाइन गेलाच होता, पण उरलेल्या दोन्हींच्या टोकाला नवे कोंब होते. पेणकर चष्मा पुसून पुसून बघत होते, तेवढ्यात नतालीचा फोन आला.

"डॅडी, माझ्या रूममधली ती स्टिकी प्लांट ओके आहे ना? मी तिला एक माशी दिला होता. खूप क्यूट खाल्ला तिने."

गुडघ्यांमुळे पेणकर सहसा जिना चढत नसत. त्या दिवशी चढले. नतालीच्या खिडकीत ते लाल रोप बशीत ठेवलेलं होतं, दवासारखे थेंब अंगावर घेऊन, ठणठणीत. शेजारी पावसाच्या पाण्याची बाटली होती. त्याला नळाचं पाणी चालत नाही, हेही त्यांनी नाश्त्यालाच सांगितलं होतं. बशीखाली टेकू म्हणून पत्र्याचा डबा पालथा घातला होता. पेणकरांनी बशी उचलली आणि डब्यावर टिचकी मारून पाहिली. बूड चांगलं शाबूत होतं. खिडकीबाहेर शेजारच्या बाईंच्या चादरी दोरीवर फडफडत होत्या.

पेणकरांनी बशी जपून परत डब्यावर ठेवली. खाली आले ते आधी ग्रीनहाऊसमध्ये गेले आणि मग स्वयंपाकघरात. शुलामीथबाई पेसाहच्या वेगळ्या बशा वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होत्या. पेणकरांनी खिशातून काडेपेटी काढली आणि दोन बशांच्या मध्ये ठेवली.

"ही कशाला यात?"

"तीन-चार वर्षांनी पुन्हा लागेल," पेणकर म्हणाले. "तेव्हाही चुकूनच लाव."

बाईंनी काडेपेटी उचलली, कागदात गुंडाळली आणि परत जागेवर ठेवली.

"मग तुम्हीही त्या सकाळी औषधं आणायला जा," त्या म्हणाल्या. "पण जायच्या आधी टब बाहेर काढून ठेवा. मला तो एकटीला ढकलवत नाही."