टपावरचं सहावं भोक

पिकअप चालवणाऱ्या मंडळींत त्याला सगळे भोवरा म्हणायचे. बत्तीस वर्षांत तो एका जागी नीट टेकला म्हणून नव्हता. हमाल माल उतरवेपर्यंत हा गाडीभोवती चार फेऱ्या मारायचा, टायरला लाथ घालून बघायचा, ताडपत्रीची चांगली बांधलेली दोरी सोडून पुन्हा बांधायचा. मग डोळे गेले. पुरते गेले नाहीत, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तिथंच राखेसारखा डाग पडायचा आणि कडेकडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी गाडी बंद करायला लावली, त्याला दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून गाडी त्याची थोरली मुलगी चालवत होती, आणि भोवरा घरातल्या घरात फिरत होता.

थोरली बेकरीचा पाव पोचवायची. पहाटे क्रेट भरायचे आणि उजाडता उजाडता नदीकाठच्या रस्त्यानं नऊ दुकानं करायची. रविवारी सुट्टी. त्या रविवारी सकाळी तिनं गाडी अंगणात घेतली, बाजूला शिडी टेकवली आणि एक खोका फोडला.

"काय आणलंस?" भोवऱ्यानं दारातूनच विचारलं.

"दिवे. टपावर बसवायचे. काचेच्या वर तीन मधे आणि एकेक कडेला. पिवळे."

"ट्रकला असतात तसे? आपल्या एवढ्याशा गाडीला कशाला?"

"धुक्यात लांबून दिसायला."

"हेडलाइट असतात की दिसायला."

"असतात," थोरली म्हणाली आणि शिडीवर चढली.

"बसवणार कोण?"

"मीच. त्यात काय एवढं? कागद दिलाय बरोबर."

ह्या गाडीला त्यानं कधी ओरखडा पडू दिला नव्हता, आणि ही पोरगी कागदात बघून टपाला भोकं पाडणार! तो अंगणात आला. शिडीच्या डाव्या बाजूला उभा राहिला, मग उजव्या. "बॅटरीची निगेटिव्ह काढलीस का?" काढली होती. "आतलं अस्तर खाली घेतलंस? नाहीतर ड्रिल आरपार जाईल." घेतलं होतं. "मध्य कुठून धरलास?" दोन्ही दारांच्या वरच्या पट्टीपासून टेप लावून धरला होता. त्याला विचारायला काही उरेना, तसा तो आणखी अस्वस्थ झाला.

"अहो, तिला करू द्या ना," आतून थोरलीची आई म्हणाली. "तुमच्या फेऱ्यांनी अंगणाला खड्डा पडेल."

थोरलीनं टपावर कागदी चिकटपट्टी लावली होती. तिच्यावर पेननं खुणा करून टोकदार पंचाचा एकेक टोला देऊन खळगा पाडला, म्हणजे ड्रिल घसरू नये. मधल्या एका दिव्याची खूण चुकली. तिनं जीभ चावली, त्या खुणेवर मोठी फुली मारली आणि चार बोटं सोडून दुसरा टोला दिला. मग कडेच्या दोन दिव्यांची भोकं पाडली, कडा कानशीनं साफ केल्या, उघड्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून रंगाचं बोट फिरवलं. भोवरा खालून आवाज ऐकत होता. ड्रिलचा सूर पत्रा फुटताना बदलायचा तो त्याला बरोबर कळत होता, आणि हिचा हात जरा जास्तच जोर लावतोय असं त्याला वाटत होतं.

मग तिच्या लक्षात आलं की खोक्यात दिव्याखाली बसवायच्या रबरी पट्ट्या चारच आहेत.

"चौकातून आणते," ती म्हणाली. "अर्ध्या तासात येते. बाबा, कशाला हात लावू नका."

"मी कशाला लावतोय?"

ती गेली. भोवरा पायरीवर बसला, उठला, पाणी प्यायला, पुन्हा बसला. उन्हात गाडी उघडी पडली होती. अस्तर लोंबत होतं, वायरी लटकत होत्या. अर्धवट सोडलेलं काम बघवत नाही असं तो आयुष्यभर म्हणत आला होता, आणि आता तर बघताही येत नव्हतं. मधली तिन्ही भोकं आपण पाडून ठेवली तर पोरीचा तेवढाच त्रास वाचेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. शिडीवर तो चढला ते मात्र पोरीसाठी नव्हे. दीड वर्षात हातात हत्यार घेतलं नव्हतं, आणि हात शिवशिवत होते.

पट्टीवरून त्यानं बोट फिरवलं. पंचाचा खळगा लगेच लागला. बोटं अजून पक्की होती. ड्रिलचं टोक खळग्यात ठेवलं, अंगठ्यानं आधार दिला आणि अगदी हलक्या हातानं भोक पाडलं. पत्रा कुरकुरलासुद्धा नाही. त्याला इतकं बरं वाटलं की तो एकटाच हसला. दुसऱ्या भोकाची जागा शोधायला बोट पुढे सरकवलं, तर एक खळगा लागला. मग आणखी एक. मग आणखी एक.

मधे तीन हवे होते. हे भोक धरून चार झाले.

त्यानं पुन्हा मोजलं. मान वाकडी करून डोळ्याच्या कडेनं बघितलं, तेव्हा भोकाच्या दोन्ही बाजूंना उरलेली काळी फुली अंधुक दिसली. तो खाली उतरला, ड्रिल होतं तिथं ठेवलं आणि पायरीवर जाऊन बसला. त्या दिवसात पहिल्यांदाच तो हलला नाही.

थोरली आली, शिडीवर चढली आणि तिनं फुलीवरच्या भोकात बोट घालून बघितलं.

"बाबा."

"हं."

"हे तुम्ही केलं?"

"खळगा लागला हाताला. भोक खळग्यावरच पाडलंय," तो म्हणाला.

"फुली मारली होती त्यावर!"

"फुली बोटाला लागत नाही."

"म्हणून तर सांगून गेले होते ना, हात लावू नका! अर्धा तास, बाबा. अर्धा तास तुम्हाला बसवत नाही?"

"एवढं काय झालं? दिवे नसते लावले तर अडलं होतं का कुणाचं? बत्तीस वर्षं मी त्याच रस्त्यानं..."

"अडलं होतं!" थोरली ओरडली. तिची आई ओल्या हातानं दारात आली. थोरली शिडीच्या वरच्या पायरीवर टेकली आणि आवाज खाली आणून बोलू लागली. "मागच्या महिन्यात उजवा आरसा फुटला ना, तो बाजारात नाही फुटला. पुलाच्या वळणावर धुकं होतं, आणि माझा एक हेडलाइट उडाला होता. समोरच्या ट्रकवाल्याला वाटलं मोटरसायकल आहे. एकच दिवा दिसला त्याला. तो सरळ माझ्या अंगावर आला. मी गाडी खाली घातली म्हणून आरशावर निभावलं. क्रेट सगळे रस्त्यावर. तो उतरून माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता."

थोरलीच्या आईनं पदराला हात पुसले आणि पुसतच राहिली.

"मला का नाही सांगितलंस?" भोवऱ्यानं विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडी विकली असती. नाहीतर रोज पहाटे दारात उभे राहिला असता."

दोन्ही खरं होतं. भोवरा उठला. गाडीला एक फेरी मारली, दुसरी मारली. नव्या आरशावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला.

"ते भोक माझं चुकलं," तो शेवटी म्हणाला. "पत्र्याची चकती काप, रुपयापेक्षा मोठी. खाली सिलिकॉन भर आणि वरून दोन रिबिटा मार. पाणी जाणार नाही. दिसेल मात्र कायमचं."

"दिसू दे. पहिला टोला मीच चुकीचा दिला होता," थोरली म्हणाली. तिचा राग उतरला नव्हता, पण तिनं चकती कापली.

उरलेली भोकं तिनंच पाडली. दिवे बसवले, वायरी टपाखालून ओढून काचेच्या बाजूच्या खांबातून खाली आणल्या, मधे फ्यूज टाकला, पार्किंग लाइटच्या वायरीला जोड दिला आणि बॅटरी जोडली. खटका दाबला तेव्हा भर दुपार झाली होती. एवढ्या उन्हात कुठला दिवा पेटलाय आणि कुठला नाही, हे तिलाही धड कळेना. भोवरा शिडीवर चढला आणि थोडं थांबून एकेका दिव्यावर तळहात ठेवत गेला.

"कोमट. कोमट. कोमट. कोमट. हा गार आहे, डाव्या कडेचा."

"बल्ब गेला असेल."

"नवा बल्ब? अर्थिंग बघू दे."

तो आत शिरला, सीटवर पाठ टेकून वर हात घातला आणि वायरीवरून बोटं नेत गेला. त्या दिव्याची अर्थिंगची वायर रंगावरच आवळली होती, पत्र्याला टेकतच नव्हती. त्यानं पेचकसानं रंग खरवडून पत्रा उघडा केला आणि स्क्रू पुन्हा आवळला. थोरलीनं वर जाऊन हात लावला.

"तापतोय," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "उद्या येता का बरोबर? फक्त बसायचं. गाडी कशी चालवायची ते सांगायचं नाही."

"बघतो," तो म्हणाला, आणि त्या रात्री चार वेळा उठून त्यानं घड्याळाचा काटा चाचपला.

पहाटे नदीकाठी धुकं होतंच. शेजारच्या सीटवर भोवऱ्याला क्षणभर चैन नव्हतं. नसलेल्या ब्रेकवर पाय दाबत, खिडकीची काच खालीवर करत तो बसला होता. पुलाच्या वळणाआधी थोरलीनं वेग कमी केला. त्याला समोर काहीच दिसत नव्हतं, फक्त कडेनं पांढरं.

"काय आहे समोर?"

"ट्रक येतोय."

त्यानं दाराची कडी घट्ट पकडली. "बघितलं का त्यानं आपल्याला?"

"बघितलं. लाइट खाली घेतला. गाडीही कडेला घेतली त्यानं."

ट्रक घरघरत बाजूनं गेला, पिकअप हलकीशी हादरली. भोवऱ्यानं श्वास सोडला, पण कडी सोडली नाही. "आणखी कोणी आहे का मागे?"

"नाही, बाबा."

"नीट बघ."

"बघितलं. पुढचं दुकान आलं की तुम्हीच उतरा आणि दोन क्रेट घ्या. पाय मोकळे होतील."

दुकान आलं. गाडी पुरती थांबायच्या आत त्यानं दार उघडलं, आणि थोरलीनं त्याच्या बाहीला धरून त्याला तेवढ्यापुरतं आत ओढलं.