एस्तेर

"एस्तेर? आपल्या घराण्यात कोण होती एस्तेर?" लोरेन्साने कमरेला बांधलेल्या मागाचा पट्टा सैल केला आणि मुलाकडे पाहिलं.

गास्पारने मान खाली घातली. "पोरीचं नाव पास्टरांनी सुचवलं, आई. चांगलं आहे की."

"असेल. माझं नाव काय वाईट होतं?"

मी शेजारीण, मक्याच्या भाकऱ्या द्यायला आलेली. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. "अरे, थोरल्या नातीला आजीचं नाव ठेवतात, मग बाप तिला 'आई' म्हणतो, विसरलास? तुला तुझ्या आजोबांचं नाव दिलं, म्हणून तुझा बाप तुला मरेपर्यंत 'बाबा' म्हणायचा. शेंबडा होतास तेव्हासुद्धा!"

"ते जुनं झालं, मावशी. नव्या देवळात चालत नाही."

त्या देवळात आमचे थोरले आजोबाही चालत नाहीत. आजोबा म्हणजे आमचा जुना लाकडाचा देव, तोंडात चिरूट, गळ्यात रुमालांची रास. सरोवरापलीकडून लाँचीने येणारे गोरे त्यांचे फोटो काढतात. राशीतले सगळ्यात देखणे रुमाल लोरेन्साने विणलेले.

दुसऱ्या दिवशी नवा रुमाल घेऊन आम्ही दोघी थोरल्या आजोबांकडे गेलो. वाटेत ती म्हणाली, "नाव पुढे गेलं की माणूस जात नाही गं. मी मात्र गेले की गेलेच." तिला खरंच भीती वाटत होती. मेणबत्ती लावून ती नुसतीच बसून राहिली.

"माग की काहीतरी," मी कोपरखळी मारली.

"पोराविरुद्ध काय मागू?"

नाव एस्तेरच राहिलं. पोरगी मात्र गुणाची निघाली नाही. पोटात दुखायचं तिच्या, आणि सगळी गल्ली डोक्यावर घ्यायची. एका दुपारी लोरेन्सा अंगणातल्या झाडाला माग बांधून विणत होती. मी धागे उकलत शेजारी बसले होते. गास्पार पोरीला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होता.

"गप गं आई. झालं, झालं. गप माझी आई."

"काय रे?" लोरेन्साने मान वर केली.

गास्पार जागीच थांबला. कानापर्यंत लाल झाला.

"तुला नाही, आई," तो म्हणाला.

"बरं," लोरेन्सा म्हणाली आणि विणू लागली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघीही रडलो असतो.