बैलांना विचारलेली वाट

मित्रांनो, मला कोणी बैलगाडी म्हटले की माझे डोके फिरते. डोके मला नाही, हे कबूल. पण बैलगाडी शेणखत वाहते, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या वाहते, कापूस वाहते. मी माणसे वाहिली. मी दमणी आहे. दोन हलकी चाके, वर बांबूच्या कमानी, कमानींवर ताडपत्री आणि आत बसायला गादी, असा माझा थाट होता. आता गादी गेली, ताडपत्री गेली, आणि माझे आताचे मालक किसनराव, त्यांच्या कोंबड्या माझ्यावर बिनदिक्कत झोपतात.

माझा जन्म परतवाड्याचा. मेळघाटातून आलेल्या सागवानातून तिथल्या एका सुताराने मला घडवले. चाके बसवल्यावर त्याने मला हाताने ढकलून पाहिले आणि म्हणाला, "लोण्यावानी चालते लेकाची!" मी कुणाच्या लेकाची नव्हते, सागवानाची होते. पण कौतुक ते कौतुक, मी ऐकून घेतले.

मला विकत घेतले ते भातकुलीकडच्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीने. मंडळी लहान होती. तरी तिने वर्गणी काढली आणि मला आपल्या सुवार्तिकाच्या, म्हणजे गावोगाव जाऊन प्रभूची गोष्ट सांगणाऱ्या माणसाच्या हवाली केले. त्यांचे नाव चंद्रभान. लोक त्यांना मास्तर म्हणत. उंच, सडपातळ, आवाज खणखणीत. बाजाराच्या गावी ते माझ्या धुरेवर उभे राहून भजन म्हणत, आणि भाजी घ्यायला आलेली माणसे पिशवी हातात धरून ऐकत बसत. किती जणांना पटे, ते मला ठाऊक नाही. पण मास्तर आले की गावातली पोरे धावत यायची आणि म्हातारी माणसे चहाला थांबवायची. दर्यापूरच्या बाजूची सारी काळी माती मास्तरांनी माझ्या चाकांनी मोजली होती. त्या खेड्यांवर त्यांचा फार जीव होता.

मास्तरांच्या पत्नी जयवंताबाई. त्या दाईचे काम शिकून आलेल्या होत्या. कुठे कुणी बाई अडली की माणूस धापा टाकत यायचा, "बाई, चला लवकर!" आणि बाई स्वतः कासरा हातात घेऊन मला हाकत निघायच्या. त्या काळी बाईमाणसाने दमणी हाकणे म्हणजे लोकांना तमाशाच. पारावरची माणसे तोंडावर हात ठेवून हसायची. ज्यांच्या घरी पाळणा हलला, त्यांचे हसणे आपोआप बंद झाले. बाई फार कमी बोलत. मास्तर बोलत आणि बाई करत, असा त्या घराचा रिवाज होता. त्यांची एक मुलगी होती, शालू. ती मात्र बापावर गेली होती, तोंडाला खळ नाही.

मला ओढणारे दोन बैल होते, खैऱ्या आणि मोऱ्या. दिसायला देखणे, चालायला चांगले, पण खादाड! माझ्या या कहाणीत सारा घोटाळा त्यांच्या जिभेने केला.

एका हिवाळ्यात अकोल्याला ख्रिस्ती लोकांची मोठी सभा भरली. मी मास्तरांना आणि बाईंना बडनेऱ्याच्या स्टेशनावर सोडले आणि चार दिवसांनी आणायला गेले. परतीच्या वाटेवर मास्तर एकसारखे बोलत होते. सभेत मॉरिशस बेटावरून एक पाहुणे आले होते. तिथल्या उसाच्या मळ्यांत पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी माणसे आहेत, त्यांच्यात जाऊन राहील, शिकवील, आजारपणात उपयोगी पडेल असे एक मराठी कुटुंब हवे आहे, असे त्यांनी सांगितले. आणि सभा संपल्यावर त्यांनी मास्तरांचा हात धरून विचारले, "तुम्ही याल का? प्रभू तुम्हाला बोलावतो आहे असे वाटते का?"

"आता काय सांगू मी त्यायले?" मास्तर म्हणाले. "समुद्रापलीकडं जायाचं म्हणजे काय खेळ हाय? पण देव बोलावून राहिला असन तं नाही कसं म्हणू?"

बाईंनी तोंड फिरवले. त्या बाहेर तुरीच्या शेतांकडे पाहत होत्या. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिले आणि मनाशी ठरवून टाकले की हिला जायचे नाही. हिची आई इथे, हिच्या बाळंतिणी इथे, ही कशाला येते! मलाही तसेच वाटले. गाडीला माणसांची वजने कळतात, मने कळत नाहीत.

पुढचे वर्ष त्या घरात एकच प्रश्न होता. पाळक, म्हणजे मंडळीचे गुरुजी, उपासना झाली की विचारत, "मास्तर, काही उजेड पडला का?" मास्तर उपास करत, प्रार्थना करत, आणि सकाळी तितकेच गोंधळलेले उठत. खरे सांगायचे तर त्यांना जायचे नव्हते. प्रत्येक खेडे सोडताना ते मागे वळून पाहत, ते मी पाहिले होते. पण देवाला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. वर्ष संपत आले आणि पुढच्या सभेत उत्तर द्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी देवाकडे खूण मागायचे ठरवले.

त्यांच्या शास्त्रात एक गोष्ट आहे म्हणे. देवाचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी, एका गाडीवर ठेवला, गाडीला दोन दुभत्या गाई जुंपल्या, त्यांची वासरे घरी कोंडली आणि गाई मोकळ्या सोडल्या. गाई वासरांकडे फिरल्या नाहीत, हंबरत हंबरत सरळ देवाच्या लोकांकडे गेल्या. त्यावरून लोकांनी ओळखले की ही देवाचीच करणी. मास्तरांना वाटले, आपल्याकडेही गाडी आहे, बैल आहेत, मग अडले कुठे?

आमच्या गावाबाहेर एक फाटा होता. डावी वाट मास्तरांच्या रोजच्या खेड्यांकडे जाई, उजवी अमरावतीकडे. मास्तरांनी घरी सांगितले, "फाट्यावर मी कासरा सोडून देतो. बैल सवयीनं डावीकडं गेले तं आपुन इथंच राहू. सवय मोडून उजवीकडं वळले, तं देवानं वळवले असं समजू आणि मॉरिशसले जाऊ."

बाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. "बैलाले काय इचारता वो?" त्या म्हणाल्या. "घरात माणसं नाहीत काय?"

"तू नाहीच म्हणशीन," मास्तर म्हणाले. "मले देवाचं ऐकायचं हाय." बाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि विषय तिथेच संपला.

नाताळाच्या आधीची ती थंडीची सकाळ होती. फाट्यावर मास्तर खाली उतरले, टोपी काढून प्रार्थना केली, पुन्हा वर बसले आणि कासरा सोडला. खैऱ्याने मान वर केली. मोऱ्याने नाक फेंदारले. आणि दोघे तरातरा उजवीकडे निघाले! मास्तरांचा चेहरा एकदम उतरला. मग त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रभू, तुझी मर्जी."

आता मित्रांनो, बैल का वळले ते मला पक्के ठाऊक होते. अमरावतीच्या वाटेवर कापसाचे एक जिन, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, होते. तिथल्या चौकीदाराची बायको अडली होती, तेव्हा जयवंताबाईंनी रात्रंदिवस बसून तिला सोडवले. तेव्हापासून बाई औषधे आणायला अमरावतीला निघाल्या की तो जिनाच्या फाटकाशी बैलांपुढे सरकीची टोपली ठेवी. मास्तर त्या दिवशी भातकुलीच्या बाजारात असत. बायको औषधे आणते हे त्यांना माहीत होते, बैल वाटेत काय खातात हे कोणता नवरा विचारतो! आणि त्या दिवसांत जिन भरात होते, सरकीचा वास फाट्यापर्यंत येत होता. त्या खादाडांना त्या वेळी स्वर्गातून हाक आली असती तरी ऐकू गेली नसती. पण मास्तरांनी जिन येण्याआधीच आनंदाने की दुःखाने, कोण जाणे, दमणी घराकडे फिरवली. मला तोंड नाही. मी आपली कुरकुरत घरी आले.

बाईंनी सारे ऐकले. ऐकताना त्यांनी एकदा खैऱ्याकडे पाहिले, एकदा नवऱ्याकडे पाहिले, आणि बैलांना पाणी दाखवायला घेऊन गेल्या.

मग काय विचारता! मास्तरांची साक्ष, म्हणजे देवाने वाट दाखवल्याची त्यांची हकिगत, साऱ्या मंडळीत गाजली. अकोल्याच्या सभेत त्यांना व्यासपीठावर बोलावून बैलांची गोष्ट सांगायला लावली. लोक डोळे पुसत होते म्हणे. अमरावतीहून माणसे मला बघायला आली. एका म्हातारीने तर माझ्या चाकाला हात लावून तो डोळ्यांना लावला. मला थोडे बरे वाटले, नाही कशाला म्हणू? मुंबईहून जाणाऱ्या जहाजाची सोय झाली. निरोपाचा रविवार ठरला. घरातली भांडीकुंडी वाटून झाली, आणि मी व बैल किसनरावांनी घ्यायचे ठरले.

किसनराव शेजारचे शेतकरी. माणूस रोखठोक, व्यवहाराला चोख. म्हणाले, "मास्तर, घेतो मी, पण एकडाव हाकून पाहू द्या." निरोपाच्या आदल्या दिवशी ते कासरा घेऊन पुढे बसले आणि मास्तर शेजारी. त्यांना डावीकडे आपल्या शेतावर जायचे होते. फाट्यावर त्यांनी तंबाखू मळायला कासरा मांडीखाली धरला, आणि बैल वळले उजवीकडे. "अबे, अबे! कुठं चालले?" किसनराव ओरडले. बैल कशाला ऐकतात! ते थेट जिनाच्या फाटकाशी जाऊन थांबले आणि दोघांनी माना फाटकात घातल्या.

चौकीदार टोपली घेऊन बाहेर आला. "आज बाई नाही आल्या काय?" त्याने विचारले आणि सरकी बैलांपुढे ठेवली.

किसनराव पोट धरून हसले. "मास्तर, हे तं सरकीचे पक्के चटोर हायत! याच बैलायची साक्ष देल्ली होती न तुमी अकोल्याले?"

मास्तर हसले नाहीत. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. सारी वाट ते माझ्या दांडीला घट्ट धरून बसले होते. साऱ्या जगापुढे देवाच्या नावाने जे सांगितले, ते दोन बैलांच्या जिभेचे चोचले निघाले. मला त्यांचे फार वाईट वाटले.

अंगणात बाई शेवटचे गाठोडे बांधत होत्या. मास्तर माझ्यावरून उतरले आणि उभ्या उभ्याच बोलले, "सोड ते गाठोडं. नाही जायाचं आपल्याले. बैल सरकीसाठी वळले होते. देवानं बोलावलंच नाही." त्यांच्या आवाजात लाज होती, आणि, मी खोटे कशाला बोलू, सुटकाही होती.

"मले ठाऊक होतं," बाई म्हणाल्या.

"काय ठाऊक होतं?"

"बैल कावून वळले ते. मी गप्प राह्यली, हे माहं चुकलंच." त्यांनी गाठोड्याची गाठ आवळली. "पण देवानं बोलावलं नाही असं म्हणू नका. तुमाले बोलावलं नसन. मले बोलावलं."

मास्तर माझ्या चाकाला टेकले.

"अकोल्याच्या सभेत ते पाहुणे सांगून राहिले होते," बाई म्हणाल्या, "मळ्यातल्या बाया बाळंतपणात मरतात, आणि शेवटच्या घडीले त्यायची भाषा समजणारं जवळ कोणी नसते. तव्हापासून त्या बाया माह्या डोळ्यापुढून हालत नाहीत. वर्षभर मी पारखून पाहिलं. जाऊ म्हटलं तं भीती वाटते. नको म्हटलं तं घास उतरत नाही. इथं मी दोघीतिघींले शिकवून तयार केलं, तेही याच्यासाठीच."

"मंग वर्षभर बोलली कावून नाही?"

"कोणी इचारलं?" बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पाहुण्यायनं तुमाले इचारलं. पाळकायनं तुमाले इचारलं. आणि तुमी बैलाले इचारलं!"

 बडबडी शालूसुद्धा दारात ऐकत उभी राहिली. मास्तर खाली बसले आणि गाठोड्याचे दुसरे टोक धरून म्हणाले, "मंग आता इचारतो. माह्यासारख्याचं तिथं काही काम हाय काय?"

"लेकरायले शिकवायले कोणी पायजे," बाई म्हणाल्या. "या."

दुसऱ्या दिवशी उपासनेला मी बाहेर कडुलिंबाखाली उभी होते. खिडकीतून मास्तरांचा आवाज खणखणीत येत होता. त्यांनी आधी सरकीची गोष्ट सांगितली. काही लोक हसले, काही नाराज होऊन पुटपुटले. पाळकांनी घाबरून विचारले, "मग मास्तर, आता जाणे होणार की नाही?"

"होणार," मास्तर म्हणाले. "देवाचे पाचारण माझ्या बायकोला झाले आहे. मी तिच्यासोबत जातो आहे."  मग बायकांच्या बाजूने कुणीतरी भजन सुरू केले, आणि हळूहळू सारी मंडळी म्हणू लागली.

मी त्यांना बडनेऱ्याला सोडले. त्यानंतर किसनरावांकडे काही वर्षे बरी गेली. मग रस्त्यावर मोटारी धावू लागल्या, बैल म्हातारे झाले, आणि मला गोठ्याच्या मागे लोटून दिले. पाऊस माझ्यावर पडतो, वाळवी माझ्या चाकांच्या आऱ्यांत शिरली आहे. मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी गाडी असेल तर तिला छपराखाली ओढा आणि वर्षातून एकदा वंगण द्या, एवढे तरी करा. आणि घरात एखादे माणूस गप्प बसलेले असेल, तर त्याच्या मनात काय आहे हे तुम्हीच ठरवून टाकू नका. आज जेवायला बसाल तेव्हा त्याच्याजवळ बसा आणि त्याला विचारा.