फटके मारणारा

क्लेमेंटीन टीचर नववीला मराठी शिकवत, आणि दर वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात गावच्या एका जुन्या कवीच्या ओव्या, ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या, वर्गात करून दाखवायला लावत. मुलं हसायची. ख्रिस्ताला फटके पडतायत आणि मागच्या बाकावर खी खी! गेल्या वर्षी मुख्याध्यापक फादरांनी स्पष्टच सांगितलं, "पुन्हा हसली तर हे बंद." वीस वर्षं जिवापाड जपलेलं काम. टीचरांचा जीव टांगणीला लागला.

ख्रिस्त ठरला केनी. फटके मारणारा रोमन शिपाई मात्र दरवर्षी हिंदू मुलगाच. कुठली ख्रिस्ती आई आपल्या लेकाला ख्रिस्तावर हात उगारू देईल? असा हा माणिकपूर गावचा शहाणपणा, आणि त्यात आजवर कुणालाच काही वावगं दिसलं नव्हतं. यंदा पाळी शेजारच्या जूचंद्र गावच्या प्रितेशची आली.

महिनाभर पोरांनी त्याला नावाने हाक मारली नाही. "ए मारेकरी!" केनी तर सगळ्यांत पुढे. त्याने प्रितेशचा डबा संडासात ओतला, कॉलर धरून त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. प्रितेशने टीचरांना सांगितलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "नाटक आहे रे, एवढं काय मनावर घेतोस!"

प्रयोगाच्या शुक्रवारी फादर येऊन खुर्चीत बसले. सुझान ओव्या म्हणू लागली. केनीचे हात बाकाला बांधले होते. प्रितेशने नाटकासाठी दिलेला सुतळीचा आसूड खाली टाकला आणि कमरेचा पट्टा काढला.

पहिल्या फटक्याला कुणीतरी हसलं. तिसऱ्याला वर्ग चिडीचूप. केनीने ओठ चावून धरले, कारण ख्रिस्त ओरडत नाही असं टीचरांनीच त्याला बजावलं होतं. शर्ट आणखी लाल होत गेला. सकाळी टीचरांनी स्वतः त्यावर बीटाचं पाणी शिंपडलं होतं. त्यांना वाटलं, काय जमून आलंय! कुणी हसत नव्हतं. डोळे भरून आले त्यांचे, आणि त्या अभिमानाने फादरांकडे बघत राहिल्या. तोवर आणखी सहा फटके पडले.

सुझान मध्येच किंचाळली, "टीचर, बक्कल लागतंय! खरं रक्त आहे ते!"

टीचर धावल्या. पट्टा हिसकावला आणि तोच प्रितेशच्या तोंडावर ओढला. एकदा, दोनदा, तीनदा. गाल फाटला, दातांतून रक्त आलं. "तुम्ही लोक असलेच!" त्या ओरडत होत्या. "तुमच्या रक्तातच आहे हे!" फादर उठून "क्लेमेंटीन! क्लेमेंटीन!" करत राहिले, तरी हात थांबेना.

प्रितेशने फटके अडवायला हात वर केला नाही. तो फळ्याला टेकून उभा राहिला आणि रक्त थुंकून म्हणाला, "टीचर, तुम्ही तर ख्रिस्ती ना? मग तुम्हाला कसं जमलं?"

केनीला सोडवायला पोरं धावली. टीचर तिथेच उभ्या. पट्टा टाकायचं त्यांना सुचलं नाही. हात अजून शिवशिवत होता, आणखी एक मारायला, आणि ते त्यांना नीट कळत होतं.